अल्को बंद पडली, इंजिन चालत राहिले

न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टेडी शहरातला अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा कारखाना १९६९ साली बंद झाला. 'अल्को' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने वाफेच्या जमान्यात हजारो इंजिने बांधली होती. डिझेलच्या जमान्यात मात्र तिचे दिवस फिरले. दुसऱ्या महायुद्धानंतर घाईने बाजारात उतरवलेले तिचे '२४४' जातीचे इंजिन वारंवार बिघडे, आणि त्या बिघाडांनी अमेरिकी रेल्वे कंपन्यांचा विश्वास उडाला. त्याच्या जागी आणलेले '२५१' चांगले होते, पण तोवर जनरल मोटर्स फार पुढे निघून गेली होती. अल्कोला विजेच्या मोटारी आणि जनरेटर पुरवणारी जनरल इलेक्ट्रिक तर १९६०च्या सुमारास स्वतःचीच इंजिने घेऊन बाजारात उतरली. पुरवठादारच प्रतिस्पर्धी झाल्यावर अल्कोला सावरता आले नाही.

स्केनेक्टेडीला टाळे लागले तेव्हा वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून, म्हणजे डीएलडब्ल्यूमधून, याच २५१ वर चालणारी इंजिने पाच वर्षे बाहेर पडत होती. पुढची चार दशकेही ती पडत राहिली. मूळ कारखान्यातून नवे आराखडे येण्याची वाट आता उरली नव्हती. म्हणून भारतीय मालगाडीच्या डिझेल इंजिनाचा खरा इतिहास आयातीच्या करारांत सापडत नाही. तो सापडतो लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या नकाशांत, पतियाळ्याच्या कारखान्यात, आणि घोरपडी, हुबळी, काझीपेटसारख्या शेडमध्ये. तिथे हे इंजिन एकेका भागाने बदलत गेले. बाहेरून ते साठ वर्षे जवळपास तसेच दिसत राहिले, म्हणून हा बदल फार थोड्यांच्या लक्षात आला. जुन्या वाड्याची चौकट तशीच ठेवून आतला एकेक खण नव्याने बांधावा, तसे हे काम झाले आहे, आणि त्याचे श्रेय मिळायचे राहून गेले आहे.

सुरुवात झाली मालाच्या दडपणाखाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, रूरकेला आणि दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहत होते. कोळसा, लोहखनिज, चुनखडी आणि तयार पोलाद यांची वाहतूक इतकी वाढणार होती, की वाफेच्या इंजिनांना ती पेलणे अवघड होते. वाफेच्या इंजिनाला दर काही तासांनी पाणी लागते, कोळसा लागतो, राख काढावी लागते. १९५७-५८मध्ये अल्कोकडून शंभर डिझेल इंजिने आली. १,९५० अश्वशक्तीचे, बारा सिलिंडरचे हे डब्ल्यूडीएम-१ पूर्वेकडच्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यात कामाला लागले. भारतीय रेल्वेच्या खुणेत पहिले 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'डी' म्हणजे डिझेल, आणि तिसरे अक्षर कामाचे: 'एम' असेल तर प्रवासी आणि माल दोन्ही, 'जी' असेल तर फक्त माल.

१९६२मध्ये डब्ल्यूडीएम-१चा मोठा भाऊ आला, डब्ल्यूडीएम-२. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन, ताशी १२० किलोमीटरचा वेग. त्याच वर्षी जनरल मोटर्सचे तितक्याच ताकदीचे डब्ल्यूडीएम-४ही भारतात दाखल झाले. १९६९ची पहिली राजधानी एक्सप्रेस ओढण्याचा मान त्यालाच मिळाला. पण भारतात इंजिने बांधण्याचा करार झाला तो अल्कोशी. त्यामुळे डब्ल्यूडीएम-४ची संख्या ७२ वर थांबली, आणि डब्ल्यूडीएम-२ अडीच हजारांच्या पुढे गेले. जानेवारी १९६४मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते वाराणसीचे पहिले इंजिन रुळावर आले. आधी अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडण्याचे काम चाले. मग एकेक भाग इथेच होऊ लागला, आणि मोटारी व जनरेटर भोपाळच्या भेलकडून येऊ लागले.

या इंजिनात डिझेल चाकांना थेट फिरवत नाही. डिझेल इंजिन जनरेटर फिरवते, जनरेटरची वीज सहा ट्रॅक्शन मोटारींना जाते, आणि प्रत्येक मोटार आपापल्या धुरीला दातेरी चाकांनी जोडलेली असते. मोटारीवरचे चाक लहान, १८ दात्यांचे; धुरीवरचे मोठे, ६५ दात्यांचे. ड्रायव्हरच्या हातात आठ नॉचचे हँडल. नॉच वाढवला की गव्हर्नर इंजिनाचा वेग वाढवतो आणि त्या वेगाला झेपेल तितकाच भार जनरेटरवर टाकतो. दोन किंवा तीन इंजिने एकमेकांना जोडून, केबलने सांधून, पुढच्या केबिनमधला एकच ड्रायव्हर ती सगळी चालवू शकतो. वाफेच्या इंजिनात हे शक्यच नव्हते. तिथे प्रत्येक इंजिनाला आपापला ड्रायव्हर आणि फायरमन लागे. डिझेलने मालगाडीचे अर्थकारण बदलले ते मुख्यतः या सांधणीमुळे.

अल्को म्हटले की रेल्वेवेड्यांना आधी आठवतो तो काळा धूर. स्टेशनातून सुटताना छतावरच्या नळीतून उसळणारा तो लोट अनेकांना शक्तीची खूण वाटे. प्रत्यक्षात ती उधळपट्टी होती. २५१ चा टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरतो. ड्रायव्हरने झपाझप नॉच उघडले की सिलिंडरमध्ये डिझेल लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळून बाहेर येते.

सत्तरच्या दशकातल्या तेलाच्या भाववाढीनंतर ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. पुढच्या वर्षांत हळूहळू जी सुधारणा झाली तिला शेडमध्ये 'फ्युएल एफिशियंट किट' म्हणतात. जुन्या अल्को टर्बोच्या जागी नेपियर किंवा एबीबीचा अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आला. सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड करणारा आफ्टरकूलर मोठा झाला. थंड हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त प्राणवायू मावतो. डिझेल फवारणाऱ्या पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरचा होता तो १७ मिलिमीटरचा झाला, म्हणजे तेवढेच डिझेल कमी वेळात आणि जास्त दाबाने आत जाऊ लागले. वाढलेला ताण सोसण्यासाठी कॅमशाफ्ट जाड केला, पिस्टनला पोलादी टोपी चढवली. यातल्या एकाही बदलाची बातमी झाली नाही. पण ब्लॉक तोच, सोळा सिलिंडर तेच, आणि २,६०० अश्वशक्तीच्या जागी ३,१००, पुढे ३,३०० मिळू लागले. अल्कोच्या आराखड्यात एवढा वाव शिल्लक होता, हे त्या मूळ कारागिरांचे मोठेपण. तो वाव शोधून काढणे हे इथल्यांचे.

मालगाडीपुढची खरी अडचण मात्र इंजिनात नव्हती. ती ब्रेकमध्ये होती.

सुरुवातीच्या डब्ल्यूडीएम-२ला व्हॅक्यूम ब्रेक होते, कारण सगळ्या वाघिणींना तेच होते. इंजिनावरचे 'एक्स्प्रेसर' नावाचे यंत्र एकाच वेळी दोन कामे करी: इंजिनाच्या स्वतःच्या ब्रेकसाठी हवा दाबून भरणे आणि गाडीच्या नळीतून हवा शोषून निर्वात करणे. निर्वाताची मर्यादा निसर्गानेच घातलेली आहे. वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त फरक त्यातून मिळूच शकत नाही. गाडी लांब झाली की शेवटच्या वाघिणीपर्यंत ब्रेक पोहोचायला वेळ लागे, आणि गळती असेल तर पुरेसा निर्वात तयारच होत नसे. म्हणजे इंजिनात ओढायची ताकद असूनही थांबवता येत नाही म्हणून लोड मर्यादित ठेवावा लागे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बॉक्स-एन वाघीण आली आणि हे चित्र पालटले. तिला एअर ब्रेक होते; नळीत पाच किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा दाब. शिवाय तिची लांबी जुन्या बॉक्स वाघिणीपेक्षा कमी होती, पावणेचौदा मीटरऐवजी पावणेअकराच्या आसपास, आणि भरल्यावरचे वजन ८१ टनांवर. लांबीचा हा हिशेब महत्त्वाचा आहे. भारतात लूप लाइन साधारण ६८६ मीटरची. मालगाडीला बाजूला घेऊन मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायची तर ती गाडी या लांबीत बसलीच पाहिजे. अठ्ठावन्न बॉक्स-एन, ब्रेकव्हॅन आणि दोन डब्ल्यूडीएम-२ मिळून बरोबर तेवढ्यात बसतात. गाडीचे वजन होते सुमारे ४,७०० टन. रूळ तेच, स्टेशने तीच, आणि एका फेरीत जाणारा माल कितीतरी वाढला.

यासाठी जुन्या इंजिनांमध्ये एअर ब्रेकची जुळणी करावी लागली. अशा बदललेल्या इंजिनांना डब्ल्यूडीएम-२ए हे नाव मिळाले; कारखान्यातूनच तशी आलेली ती डब्ल्यूडीएम-२बी. कित्येक वर्षे दोन्ही प्रकारच्या वाघिणी रुळावर होत्या, म्हणून पुष्कळ इंजिनांवर दोन्ही ब्रेक एकत्र नांदत होते. कोणता रेक, म्हणजे वाघिणींची माळ, लागेल त्याप्रमाणे ड्रायव्हर ब्रेक वापरी. आज हे साधे वाटते. पण देशभर पसरलेल्या शेडमध्ये, वाहतूक न थांबवता, शेकडो इंजिनांच्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर बदलण्याचे काम किती चिवटपणाचे असेल याची कल्पना करून पाहावी.

ड्रायव्हरच्या बाजूने पाहिले तर अल्कोची सर्वांत मोठी खोट नजरेची होती. केबिन एकच, तीही एका टोकाकडे. तिच्या एका बाजूला आखूड नाक, म्हणजे शॉर्ट हूड. दुसऱ्या बाजूला इंजिन, जनरेटर आणि रेडिएटर झाकणारे लांबलचक धूड, लाँग हूड. आत समोरासमोर तोंड केलेली दोन कंट्रोल स्टँड असल्याने इंजिन दोन्ही दिशांनी चालवता येई. पण लाँग हूड पुढे असले की ड्रायव्हरला लोखंडी भिंतीच्या कडेने सिग्नल शोधावा लागे, आणि दुसरी बाजू असिस्टंटच्या डोळ्यांवर सोपवावी लागे. वळणावर आणि पावसात ही परीक्षाच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही इंजिनांचे नाक खाली करून मोठ्या काचा बसवल्या गेल्या. 'जंबो' म्हणून ती ओळखली जात. पुढच्या तुकड्या मात्र पुन्हा जुन्याच धाटणीच्या आल्या. व्यवहारातला तोडगा होता तो दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडण्याचा, म्हणजे कोणत्याही दिशेने निघाले तरी केबिन पुढे. दोन्ही टोकांना केबिन असलेले मालगाडीचे डिझेल इंजिन, डब्ल्यूडीजी-४डी, आले ते थेट २०१३ साली. ड्रायव्हरांची ही साधी गरज इतकी उशिरा ऐकली गेली, हे या इतिहासातले खटकणारे पान आहे.

अश्वशक्ती वाढली तरी मालगाडी उचलण्याची ताकद आपोआप वाढत नाही. अश्वशक्तीने वेग ठरतो. जागेवरून लोड हलेल की नाही हे ठरते चाक आणि रूळ यांच्या पकडीवर. डब्ल्यूडीएम-२ सुरुवातीला साधारण ३०.५ टनांची ओढ देई, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सत्तावीस टक्के. त्यापलीकडे गेले की चाक जागच्या जागी फिरू लागे. व्हील स्लिपचा दिवा लागला की ड्रायव्हर नॉच कमी करी, चाकांखाली वाळू सोडी, आणि पुन्हा सावकाश चढवी.

पकड कमी असण्याचे एक कारण बोगीत होते. अल्कोच्या 'ट्रायमाउंट' बोगीच्या तीन धुरी सारख्या अंतरावर नव्हत्या, आणि तिन्ही मोटारींची तोंडेही एकाच दिशेला नव्हती. लोड ओढताना प्रत्येक इंजिनाचे पुढचे टोक किंचित उचलले जाते आणि पुढच्या धुरींवरचे वजन मागच्यांकडे सरकते. ट्रायमाउंटमध्ये हे सरकणे फारच असमान असे. सगळ्यात हलकी झालेली धुरी आधी घसरे आणि साऱ्या इंजिनाला मर्यादा घालून ठेवी.

१९९५मध्ये वाराणसीहून फक्त मालासाठी बांधलेले इंजिन आले. आधी त्याला डब्ल्यूडीजी-२ म्हणत, मग डब्ल्यूडीजी-३ए. आत तेच २५१, ३,१०० अश्वशक्तीचे. खाली मात्र सगळे नवे: पोलादी पत्रे जोडून केलेली हाय अ‍ॅडहेजन बोगी, दोन टप्प्यांची स्प्रिंग, तिन्ही मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या. दातेरी चाकांचे प्रमाण १८:६५ चे १८:७४ झाले, म्हणजे वेग ताशी १०० किलोमीटरवर उतरला आणि ओढ वाढली. वजन मुद्दाम १२३ टनांपर्यंत नेले. हलकेपणाचे कौतुक विमानाला असते. मालगाडीच्या इंजिनाला चाकांवर वजन हवेच असते. या सगळ्यामुळे ओढ जवळपास ३८ टनांवर गेली. अशी अकराशेहून अधिक इंजिने बांधली गेली, आणि पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये त्यांचा मोठा ताफा होता.

त्याच सुमारास जुना डीसी जनरेटर जाऊन अल्टरनेटर आणि रेक्टिफायर आले. जनरेटरच्या कम्युटेटरवर कार्बन ब्रश घासत राहतात. ठिणग्या, झीज, साफसफाई हे रोजचे, आणि त्यातून किती वीज घ्यायची यालाही मर्यादा. अल्टरनेटरने ती मर्यादा काढून टाकली. पण एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी बॅटरीची वीज जनरेटरमध्ये उलटी सोडून त्यालाच मोटार बनवत आणि डिझेल इंजिन चालू करत. अल्टरनेटरकडून हे होईना. तेव्हा ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर या दोन लहान यंत्रांना सुरू करण्यापुरते मोटारीचे काम देण्यात आले. एक भाग बदलला की त्याच्या शेजारच्या तीन भागांचा पुन्हा विचार करावा लागतो, तो असा.

जुनी इंजिने भंगारात न काढता नवी करण्याचे काम पतियाळ्याला चाले. १९८१मध्ये तिथे डिझेल कॉम्पोनंट वर्क्स उभे राहिले. साधारण अठरा वर्षे चाललेले डब्ल्यूडीएम-२ तिथे पूर्ण उघडले जाई. सांगाडा दुरुस्त होई, तारा नव्याने ओढल्या जात, इंजिन ३,१०० अश्वशक्तीचे होई, रिले आणि कॉन्टॅक्टरच्या जंजाळाऐवजी मायक्रोप्रोसेसर बसे. बाहेर पडताना ते डब्ल्यूडीएम-३ए झालेले असे. याच कारखान्याने एकदा तर सोळा सिलिंडरचे मोठे इंजिन काढून ८०० अश्वशक्तीची तीन छोटी इंजिने एका सांगाड्यात बसवून पाहिली. उभ्या गाडीला तीन कशाला, एकच चालू ठेवावे आणि डिझेल वाचवावे, हा हेतू. ही जात फार वाढली नाही. तोच हेतू पुढे इंजिनातच एक लहानसे सहायक इंजिन बसवून साधला गेला. मुख्य इंजिन बंद असताना ते बॅटरी भारित ठेवते आणि ब्रेकची हवा राखते.

शेडमधल्या कामाचा एक भाग प्रयोगशाळेत चालतो, आणि तो विलक्षण आहे. प्रत्येक इंजिनातले वंगण तेल ठरावीक मुदतीने तपासले जाते. तेलाचा नमुना ठिणगीत जाळून त्याच्या प्रकाशावरून त्यात कोणते धातू किती आहेत ते मोजतात. तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. लोह वाढले तर लाइनर किंवा रिंग. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात घातलेल्या रसायनाचा अंश तेलात दिसला तर कुठेतरी पाणी झिरपते आहे. सोळा सिलिंडरचे यंत्र न उघडता आतले दुखणे असे आधीच कळते, आणि क्रँकशाफ्ट मोडण्याआधी बेअरिंग बदलता येते. अल्को इंजिने इतकी वर्षे टिकली त्यात या शांत खोलीचा वाटा मोठा आहे.

अल्कोचा वाव कितीही ताणला तरी त्याला शेवट होता. नव्वदच्या दशकात भारतीय रेल्वे पुन्हा अमेरिकेकडे वळली, आणि या वेळी जनरल मोटर्सने तंत्रज्ञानही दिले. १९९५च्या करारानुसार डब्ल्यूडीजी-४ची पहिली २१ इंजिने १९९९पासून आली. २००२पासून ती वाराणसीत होऊ लागली. ४,००० अश्वशक्ती, वजन १२६ टन, आणि ओढ ५४० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५५ टन. वजनाच्या हिशेबात हे प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. अल्कोचे सत्तावीस होते. हा फरक मोटारींनी घडवला. या मोटारी तीन फेज एसीच्या. त्यांना ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही. चाक घसरू लागले की इन्व्हर्टर क्षणार्धात तेवढ्यापुरते बल कमी करतो, ड्रायव्हरच्या हातापेक्षा कितीतरी लवकर. दुसरा फायदा घाटात कळतो. डीसी मोटार पूर्ण भाराखाली फार हळू चालवली तर तापते. ठरलेल्या मिनिटांनंतर भार काढावाच लागतो. एसी मोटार रांगत्या वेगाने बराच वेळ ओढत राहू शकते.

धुराचेही उत्तर या इंजिनात होते. त्याचे ७१० जातीचे टू-स्ट्रोक इंजिन टर्बोला कमी वेगात दातेरी चाकांच्या साखळीने स्वतःच फिरवते. बाहेर पडणारे वायू पुरेसे गरम झाले की क्लच सुटतो आणि टर्बो त्यांच्यावर चालू लागतो. हवेची वाट पाहावी लागत नाही, म्हणून काळा लोटही जवळपास नाही. कान तयार असलेल्या माणसाला अल्कोची तुटक धडधड आणि या इंजिनाचा सलग घुमार डोळे मिटूनही वेगळा ओळखू येतो.

हे सगळे गुण एकाच ठिकाणी पणाला लागलेले पाहायचे तर कॅसलरॉक ते कुळे हा घाट. मुरगाव बंदराला दख्खनशी जोडणारी ही मीटरगेज लाइन १८८८मध्ये खुली झाली. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली, पण चढ तोच राहिला: १ ला ३७. दूधसागरच्या धबधब्यावरून जाणाऱ्या या वाटेने एके काळी बळ्ळारी-होसपेटचे लोहखनिज बंदराकडे उतरे आणि आयात कोळसा पोलाद कारखान्यांकडे चढे. आकडे मांडून पाहावेत. ४,७०० टनांचा रेक १ ला ३७ च्या चढावर नुसता धरून ठेवायलाच सुमारे १२७ टन बल लागते. चालवायला त्याहून जास्त. तीन डब्ल्यूडीजी-४ मिळून कागदावर हे बल देऊ शकतात. मात्र सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या वाघिणीच्या कपलरवर सगळा ताण येईल आणि गाडी तुटेल. म्हणून काही इंजिने पुढे ओढतात आणि काही मागून ढकलतात. मागच्यांना बँकर म्हणतात. हुबळी शेडची इंजिने या कामात मुरलेली.

उतरताना परीक्षा उलटी. सगळा भार नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर सोडला तर चाके तापतात आणि ब्रेकची पकड जाते. डायनॅमिक ब्रेकमध्ये मोटारीच जनरेटर होतात, गाडीचा वेग विजेत बदलतो आणि ती वीज छतावरच्या ग्रिडमध्ये उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. सुरुवातीच्या अनेक डब्ल्यूडीएम-२ना ही सोय नव्हती. घाटातल्या ड्रायव्हरला तिची किंमत विचारावी.

डिझेलचे दुसरे बळ म्हणजे तारेची गरज नसणे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पिण्याचे पाणी उरले नाही तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी सोडण्यात आली. कुर्डुवाडीमार्गे लातूरपर्यंतची ही वाट, पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, तेव्हा विजेच्या तारांखाली नव्हती. १२ एप्रिलला पहिल्या दहा टँकर वाघिणी पोहोचल्या. पुढे पन्नास वाघिणींच्या एका फेरीत पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा तो प्रवास डिझेल इंजिनांनीच केला.

सप्टेंबर २०१८मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ब्रॉडगेजच्या संपूर्ण विद्युतीकरणाला मंजुरी दिली, आणि डिझेलचा काळ भराभर आक्रसू लागला. कोकण रेल्वेच्या सगळ्या मार्गावर २०२२मध्ये वीज आली. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातून धूर ओढत जाणारी मालगाडी आता विजेवर जाते. डीएलडब्ल्यूच्या नावातून २०२०मध्ये 'डिझेल' हा शब्द गेला आणि ते बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. अनेक डिझेल शेडमध्ये विजेची इंजिने येऊ लागली.

या घाईत वाराणसीने केलेला एक प्रयोग अल्कोच्या इतिहासात बसणारा आहे. दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यांतले डिझेल इंजिन, टाकी आणि रेडिएटर काढून टाकण्यात आले. त्या जागी ट्रान्सफॉर्मर बसला, छतावर पँटोग्राफ आला. फेब्रुवारी २०१९मध्ये पंतप्रधानांनी वाराणसीत या जोड-इंजिनाला हिरवा झेंडा दाखवला. दोन्हींची मिळून ताकद १०,००० अश्वशक्ती. हा मार्ग पुढे फारसा चालवला गेला नाही, नवी विजेची इंजिने बांधणे सोयीचे ठरले. पण १९९५च्या बोगीच्या आधारे एवढी ताकद पेलण्याची कल्पना सुचली, यावरून त्या खालच्या बांधणीवरचा विश्वास कळतो.

अल्को घराण्यातली ही इंजिने आता सरहद्दीपलीकडेही दिसतात. श्रीलंकेने १९९६मध्येच वाराणसीचे डब्ल्यूडीएम-२ घेतले आणि त्यांना एम-८ हे नाव दिले. मीटरगेजवरच्या वायडीएम-४ ची धुरी आणि बोगी बदलून, गेज १,००० मिलिमीटरवरून १,०६७ वर नेऊन, ती आफ्रिकेत पाठवली गेली. जुलै २०२०मध्ये पश्चिम बंगालमधल्या गेदे स्टेशनावरून सीमेपलीकडच्या दर्शना स्टेशनाला दहा डब्ल्यूडीएम-३डी रवाना झाली, बांगलादेश रेल्वेच्या गरजेप्रमाणे बदल करून. २०२३मध्ये आणखी वीस गेली. ३,३०० अश्वशक्ती, हाय अ‍ॅडहेजन बोगी, आणि आत २५१ चे सोळा सिलिंडर. पहिल्या दहांचे उरलेले आयुष्य भारतीय रेल्वेने किमान अठ्ठावीस वर्षे धरले होते, म्हणजे हिशेब २०४८ पर्यंत जातो.